मगर

कोळन्ह्याला मगर नाही.
हे आधी सांगून टाकतो, कारण हल्ली मलाच
ते रोज थोडं थोडं खोटं वाटायला लागलंय.

धरणाने तापीचं पाणी मागे ढकललं तेव्हा
आमच्या डांगरवाड्या बुडाल्या.
मायने वेलांसकट फळं ओढली, मुठीएवढी,
गावभर वाटली. कडू होती.
मग पाणी हेच शेत. सुपडूमामाने जाळं टाकलं,
मी डोंगा चालवायला शिकलो,
आणि थंडीत कुठून तरी उत्तरेकडून पाखरं उतरली.
मामा त्यांना पाहुणे म्हणायचा. दुसरं नाव नव्हतं.

नावं नंतर आली, कॅमेऱ्यांबरोबर.
पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक.
मीही पाठ केली, वहीत लिहून;
शाळेत एक पाढा धड पाठ केला नव्हता.
डोंग्यात फळी ठोकली, गादी टाकली,
माणशी दोनशे.
विमल चुलीवर वांगी भाजते, कळण्याच्या भाकरी थापते,
शहरातली माणसं भरताच्या तिखटाने डोळे पुसत म्हणतात,
वा, किती शांत आहे इथे.
मग स्पीकर लावतात.

तक्रार नाही.
त्याच पैशातून पोरीची सायकल आली.
एकदा एकाला उडते पक्षी हवे होते,
पन्नास जास्तीचे दिले, मी वल्हं पाण्यावर आपटलं.
थवा उठला. फोटो चांगला आला, म्हणे.
थवा परत उतरायला संध्याकाळ झाली.
ती नोट मी विमलला दिली नाही,
कुठे गेली तेही आठवत नाही.

चैत्रात पाणी ओसरतं, मधे वाळूचं बेट उघडं पडतं.
जळगावच्या चिरमाडे शेठने तिथे तंबू ठरवले:
बारा तंबू, दोऱ्यांना दिवे, तोंडं मावळतीकडे.
म्हणाला, खुंट्यांच्या जागा बघून ठेव.
बघायला गेलो. वाळूवर काहीच नव्हतं.
मग अंगठ्याशी दिसलं,
दोन अंडी, वाळूच्याच रंगाची, वर ठिपके,
ना काडी, ना पीस, ना आडोसा.
मग आणखी दोन. मग तीन.
मग मी हललोच नाही.
डोक्यावर सुरय किंचाळत होते,
एकाने टोपीवर चोच मारली.
बेट गच्च भरलेलं होतं आणि रिकामं दिसत होतं.

शेठला अंडी सांगून काय झालं असतं?
म्हणाला असता, उचल आणि बाजूला ठेव.
म्हणून म्हणालो, शेठ, तिथं मगर आहे.
कुठून तोंडात आलं, देव जाणे.
त्याने लांबी विचारली. मी डोंग्याकडे पाहिलं
आणि डोंग्याएवढी सांगितली.

तंबू आले नाहीत.
पण पुढच्या रविवारी सात गाड्या आल्या,
मग अकरा, मग भुसावळहून अख्खी मिनीबस.
मगर दाखवता का?
चहाच्या टपरीवर पाटी लागली, मगर पॉइंट.
आणि सुपडूमामा, जन्म पाण्यात काढलेला माणूस,
शंभर रुपये घेऊन सांगतो
तिने त्याचं जाळं कसं फाडलं.

मी त्यांना पलीकडच्या काठाला नेतो, बेटाकडे पाठ करून.
तिथे बुडालेल्या बाभळीचं खोड आहे.
वल्हं थांबवतो. बोट दाखवतो. हलू नका, म्हणतो.
आणि माणसं खरोखरच गप्प होतात,
पाखरांसाठी कधी झाली नव्हती इतकी.
मागून सुरयांचा कल्ला ऐकू येतो.
कुणी वळून बघत नाही.

काल एक लहान मुलगी म्हणाली, ती हलली.
बाप म्हणाला, हो, डोळा उघडला.
अंडी फुटायला अजून आठेक दिवस आहेत.
मी खोडाकडे पाहिलं.
पाण्यावर एक वळ उठला होता. वारा नव्हता.
वल्हं मी जरा आत ओढून घेतलं.